रोबोटाचा हात तुटला अन् माहा उठला

दोस्तहो, आज वाशीमच्या टॉकीजात दुपारी खेळण्यातल्या रोबोटांचा पिक्चर पाह्यला. त्यात घरं पाडणारा जेसीबी रोबोट बनते, अन् हिरो त्याचा हात खांद्यातून उपटते.

मी सोता जेसीबी चालवतो. पुढचा माणूस खुर्चीवर उभा राहून बोंबलून राह्यला होता, "दुसराही तोड त्याचा!"

माहं डोकं सरकलं. कॉलर धरून त्याच्या दोन थोबाडीत ठेवून देल्या. ओठ फाटला, शर्ट रक्तानं भरला.

तो म्हणे, "अतिक्रमण काढताना माही चहाची टपरी तूच पाडली, भाऊ. मी समोर हात जोडून उभा होतो."

पाडकामाच्या दिवशी मी कानात गाणे लावूनच बसतो. लोकांचं रडणं आयकू येऊ नाही म्हणून.

त्यानं मले बोटही लावलं नाई. त्याच्या जागी तुमी असते, तर सोडलं असतं काय मले?