पोछाबाई उडी मारत नाही

"साडी नेस. वर खोच. आणि ही बादली घे."

प्रमोटरने माझ्या हातात एक हिरवी नायलॉनची साडी दिली. निळी प्लास्टिकची बादली दिली. लादी पुसायचे फडके दिले. कोपरखैरण्यातल्या एका लग्नाच्या हॉलमध्ये रिंग मांडलेली होती. दहा-बारा जण सराव थांबवून बघत होते.

"सर, हे काय आहे?"

"तुझं गिमिक. पोछाबाई."

सगळे हसले. मीही थोडी हसले. हसले नाही तर लागले असे दिसते, म्हणून.

आमची कुस्ती लाल मातीतली नव्हे. ही तमाशाची कुस्ती, दोऱ्यांच्या रिंगमधली. कोण जिंकणार ते आधी ठरते. पडणे मात्र खरे असते. प्रत्येकाला एक सोंग मिळते, त्याला गिमिक म्हणतात. कुणी हवालदार होतो, कुणी भूत, कुणी ढोंगी बाबा. मी तीन वर्षे शिकले होते. मराठी घेऊन बी.ए. झाले होते. मी विचारले, "दुसरं काही देता येईल का? शिक्षिका वगैरे?"

त्याने मला वरपासून खालपर्यंत पाहिले.

"टीचर? तू? पब्लिक मानेल का? अगं, याच्यात तुला अ‍ॅक्टिंग पण करायला नको. नॅचरल आहेस."

नॅचरल.

माझी आई ऐरोलीत चार घरी धुणीभांडी, लादी करायची. हे मी त्याला कधीच सांगितले नव्हते. माझा रंग आणि शिरवण्याच्या चाळीतली खोली, एवढे त्याला पुरले.

मी ते सोंग घेतले. हे लिहायला मला लाज वाटते, पण खोटे लिहायला त्याहून जास्त वाटेल. दुसरी कुठली रिंग मला उभी करत नव्हती. मला रिंग हवी होती.

आणि मी ते चांगले केले. फार चांगले. संगीत सुरू झाले की मी बादली घेऊन यायची, रिंगची लादी पुसायची, पुसता पुसता मागे सरकत प्रतिस्पर्ध्याला धडकायची. लोक ओरडायचे, "ए पोछाबाई, कोपरा राहिला!" "बाई, आमच्याकडे कधीपासून येणार?" माझ्यासमोर तनिषा असायची. तिचे सोंग मालकिणीचे. उंच टाचा, काळा चष्मा, हातात छोटी पर्स. सीवूड्सच्या मोठ्या टॉवरमधली मुलगी, स्वभावाने वाईट नाही. दर वेळी शेवटी ती मला उचलून आपटायची आणि बादलीतले पाणी माझ्यावर ओतायची. मग पडद्यामागे येऊन म्हणायची, "सॉरी हां यार. गिमिक आहे फक्त."

तिच्यासाठी फक्त गिमिक होते. घरी जाऊन ती ते काढून ठेवत होती.

लोकांना सगळ्यात जास्त आवडायचे ते माझे उठणे. लादी पुसून झाली की मी एक हात जमिनीवर टेकायची, दुसरा कमरेवर ठेवायची, आधी उजवा गुडघा, मग थांबायची, तोंडाने मोठा श्वास सोडायची, मग डावा. हॉल फुटायचा हसून. दोन वर्षे मी हे केले. हे मी शोधलेले नव्हते. हे मी रोज संध्याकाळी आमच्या खोलीत पाहिले होते.

आईला मी सांगितले होते की मी जिममध्ये शिकवते.

एक दिवस ऐरोलीतल्या तिच्या एका मॅडमने फोनवर व्हिडिओ दाखवला. मॅडमला काही माहीत नव्हते. ती नुसती हसत होती. "मावशी, हे बघा ना! अगदी तुमच्यासारखी उठते ही!"

आईने पाहिले. भांडी पुरी केली. घरी येऊन मला म्हणाली, "रविवारी मला बी ने."

मी नेले. प्रमोटरने आम्हा मायलेकींना बरोबर येताना पाहिले. ती तिसऱ्या रांगेत बसली. इस्त्रीची साडी नेसून. मला वाटले होते, आज मी त्या पद्धतीने उठणार नाही. पण हॉल भरलेला, लोक वाट बघत होते, आणि सवय अंगात असते. मी उठले. आधी उजवा गुडघा. हशा झाला. कॅमेरावाल्याने तेवढ्यात तिसऱ्या रांगेवर कॅमेरा फिरवला.

आम्ही रिक्षाने परतलो. शिरवण्याच्या नाक्याला उतरताना म्हणाली, "ती कंबर माझी हाय. तू कशाला घेतलीस?"

तिने परत विचारले नाही. पाच महिन्यांनी ती गेली. हृदय, असे डॉक्टर म्हणाले. मी पुस्तके वाचलेली मुलगी. शब्द माझ्याकडे कमी नव्हते. पाच महिने होते आणि मी तिला त्यावर एक वाक्य बोलले नाही.

जलदानविधी झाला. त्यानंतर चौथ्या दिवशी प्रमोटरचा फोन आला.

"सॉरी फॉर युवर लॉस. ऐक, एक भारी अँगल आहे. पोछाबाईची आई गेलीय. ती मालकिणीकडे सुट्टी मागते. मालकीण देत नाही. आईचा फोटो घेऊन ये, रिंगमध्ये ठेवू. पब्लिक रडेल, हसेल, सगळं."

"फोटो नाही, सर."

"अगं, रिअल असलं की लोकांना भिडतं."

"फोटो मिळणार नाही."

"ओके, ओके. नो फोटो. तू ये फक्त."

मी का गेले, हे लोक विचारतात. खोलीत बसवत नव्हते, म्हणून गेले. तिच्या चपला दाराशी होत्या. मला कुणाच्या तरी अंगावर जाऊन पडायचे होते. इतके साधे कारण होते.

रविवार दुपार. तोच हॉल. संगीत वाजले, मी बादली घेऊन आत आले, दोरीखालून वाकले आणि समोर पाहिले. एका खुर्चीवर फोटो होता. मोठा करून चौकटीत घातलेला. वर प्लास्टिकच्या झेंडूचा हार. त्या दिवशी कॅमेऱ्याने तिसऱ्या रांगेत टिपलेला चेहरा. माझी आई. मला बघत असलेली.

ज्या क्षणी तिला कळत होते की मी तिची कंबर विकतेय, तो क्षण.

लोक हसत होते. त्यांना वाटले, कुठल्यातरी बाईचा फोटो आहे, सोंगातला. मी रिंगच्या पलीकडे पाहिले. प्रमोटरने अंगठा वर केला.

कुस्ती सुरू झाली. माझे हातपाय आपोआप चालले. तनिषाने कानाशी पुटपुटून सांगितले, "मला आत्ताच कळलं गं. मी उचलते, आपटते, मग पाणी फोटोवर. पटकन संपवू."

इथे एक गोष्ट सांगायला हवी. आमच्या कुस्तीत कुणीच कुणाला उचलत नाही. बघणाऱ्याला तसे वाटते. खरे असे की, ज्याला उचलायचे तोच उडी मारतो. उचलणाऱ्याने हात लावायचा, दुसऱ्याने पाय झाडून स्वतःचे वजन त्याच्या खांद्यावर द्यायचे. हरणाऱ्याने उडी मारल्याशिवाय जिंकणारा जिंकत नाही. पहिल्याच आठवड्यात हे शिकवतात. दोन वर्षे दर रविवारी मी स्वतःच्या पायांनी उडी मारून तनिषाच्या खांद्यावर चढले होते, आपटून घेण्यासाठी.

तिने माझ्या कमरेला हात घातला. जोर लावला.

मी उडी मारली नाही.

तिने पुन्हा ओढले. मी पाय रोवून उभी. लोकांना वाटले, हा नवा विनोद आहे. हसले.

"उड ना," ती कानात म्हणाली.

"नाही."

"यार, प्लीज. सगळे बघतायत."

"बघू देत."

तिसऱ्यांदा तिने प्रयत्न केला. हसणे हळूहळू बंद झाले. मी तिला इजा केली नाही. सहज करता आली असती. तिचे हात मी माझ्या कमरेवरून एकेक करून सोडवले, खुर्चीपाशी गेले, प्लास्टिकचा हार काढून खाली टाकला आणि फोटो उचलला. तनिषाने तोवर बादली उचलली होती. तिने ती खाली ठेवली. एवढे तिने केले, तेही लिहून ठेवते.

मी रिंगमधून उतरले. रेफरीला काय करावे कळेना, म्हणून रिंगबाहेर गेलेल्यासाठी मोजतात तसे त्याने दहापर्यंत अंक मोजले.

पडद्यामागे प्रमोटर ओरडला, "हा धंदा आहे! इथे पर्सनल काही नसतं!"

"मग माझ्या आईचा फोटो कशाला आणलात, सर?"

"संपलीस तू. एका पण रिंगमध्ये कोणी घेणार नाही तुला."

त्याने शब्द पाळला. सगळीकडे सांगितले की हिच्या भरवशावर अंग टाकता येत नाही. आमच्या कामात यापेक्षा वाईट नाव नाही, कारण आम्ही एकमेकांच्या माना हातात धरून काम करतो. आणि नियम मी मोडला होताच. मी ते नाकारत नाही. तो नियम मी परतही मोडेन.

सात महिने कुणाचा फोन आला नाही. मी रोज सराव केला. वाचत होते. हे लिहीत होते, एक दिवस चार ओळी, एक दिवस काहीच नाही. उठताना आता मी दोन्ही गुडघे एकदम उचलते. मला जमते. माझे गुडघे चांगले आहेत. आईचे तसे का झाले होते, ते मला माहीत आहे, आणि त्यावर हसायला मी आता कुणालाही तिकीट देणार नाही.

गेल्या आठवड्यात कल्याणच्या एका लहान मंडळाचा फोन आला. नवीन पोरे आहेत, रिंग भाड्याची.

"ताई, गिमिक काय लिहू पोस्टरवर?"

"गिमिक नाही. माझं नाव लिहा. मधे आईचं."

"आडनाव पण?"

"आडनाव पण. मोठ्या अक्षरात."

मी ते सांगितले. तो जरा थांबला. आडनावावरून जात ओळखून लोक थांबतात तसा. मग म्हणाला, "ठीक आहे. पण समोरची आमची पोरगी आहे. हरावं लागेल हां तुम्हाला."

मी म्हणाले, हरेन. हरणे हे माझे काम आहे, मी ते नीट शिकले आहे. तिला इजा होऊ देणार नाही, तिला मोठी करून दाखवीन. पण कोण म्हणून हरायचे, ते मी ठरवणार. रिंगमध्ये उतरण्याआधी विचारा. उतरल्यावर विचारायला याल, तर मी जागची हलणार नाही.