मी शंभर सांगितलं

ये, जवळ बस. तू तिकडे पुण्यात आणि मी इथे रानशेतला, तरी लिहिताना तू समोर बसलीस असंच धरते, नाहीतर माझा हात चालत नाही. आणि आधी ओरडून घेते. आठ महिने झाले, पोरी. फोन उचलतेस, "बरी आहेस ना आत्या" म्हणतेस, नि ठेवतेस. असं करतात का? बाप विचारत नाही म्हणून त्याला कळत नाही असं नाही. गणपती गेले, दिवाळी गेली. तुझ्या वाटणीचे चिकू तीनदा पिकत घातले नि तीनदा दुसऱ्यांनी खाल्ले.

तू का येत नाहीस ते मला ठाऊक आहे. म्हणूनच लिहिते आहे. माझी शाळा चौथीपर्यंतची, बाकी वाचणं मी तुझ्याच पुस्तकांवर शिकले, तेव्हा शुद्धलेखन सोड. पण सगळं वाच. अर्ध्यात ठेवलंस तर उपयोग नाही.

पहिल्यापासून सांगते, तुला ठाऊक असलेलंही. तुझ्या बाबाचा डावा पाय साखरेनं गुडघ्याखाली गेला तेव्हा तू कॉलेजात होतीस. चाळीस वर्षं टेम्पो चालवलेला माणूस. पाय गेल्याचं त्यानं सोसलं, पण क्लच गेल्याचं नाही सोसलं. ओट्यावर बसून रस्त्यावरच्या गाड्यांचे गिअर ऐकायचा. "ह्यानं उशिरा टाकला. ह्यानं दाबूनच ठेवलाय, भाजणार." दिवसभर हेच. मी तेव्हा नुकतीच वेवजी गावातलं माझं घर बंद करून भावाकडे राहायला आले होते. मला वाटायचं, हा माणूस असाच ऐकत ऐकत संपणार.

मग तू नोकरीला लागलीस नि ती जुनी डिझेल गाडी आणलीस. सात जणांची, ऑटोमॅटिक. डाव्या पायाचं कामच नाही. आरटीओत खेटे घालून परवानगीही तूच मिळवलीस. तुझ्या बाबानं पहिल्या दिवशी गाडी पाड्यापासून कासापर्यंत नेली नि परत आणली. उतरला तेव्हा डोळे पुसत होता. मी म्हटलं, "काय रे, धूळ गेली का?" तर म्हणे, "हो, पुण्याची धूळ आहे, झोंबते."

तेव्हापासून ती गाडी घरची राहिली नाही. कोणाला कासाच्या दवाखान्यात जायचंय, कोणाचा बाजार आहे, कोणाच्या पोराची डहाणूला परीक्षा आहे. मी पुढे बसायची, बाबाच्या शेजारी, आणि मागच्यांना सरकवायची. रस्त्यात हात दाखवला की आपल्याकडे गाडी थांबते. ते काही ठरवावं लागत नाही. हात दाखवलेल्या माणसाला ओलांडून गेलं तर संध्याकाळी त्याच्याच घरावरून यायचं असतं.

पण ती गाडी आळशी होती, हे खरं. पाय दाबला की आधी विचार करायची, मग निघायची. आणि चारोटीच्या अलीकडच्या चढावर नऊ माणसं घेऊन गेलं की मध्येच पिवळा दिवा लागायचा, नि एका गिअरमध्ये अडकून बैलगाडीसारखी चालायची. दोनदा माणसं उतरून पायी गेली. शाळेतले मास्तर तर म्हणाले, "ताई, मी चालत पुढे होतो, तुम्ही सावकाश या." सगळे हसले. तुझा बाबा हसला नाही.

तू सुट्टीला आलीस तेव्हा मीच तुझ्या मागे लागले. मीच. हे लक्षात ठेव. तुझं कामच ते. गाडीच्या आतल्या सॉफ्टवेअरचे आकडे बदलून तिची ताकद वाढवायची, गिअर कधी बदलायचा ते नव्यानं ठरवायचं. तू मला समजावलंस ते अजून आठवतं. म्हणालीस, "आत्या, कंपनी सगळ्या देशासाठी एकच भाजी करते, म्हणून मीठ बेताचं. मी आपल्या घरापुरतं वाढवते."

"आणि खारट झालं तर?"

"तर बटाटा टाकू."

स्टेअरिंगखालच्या खाचेत वायर लावून तू लॅपटॉप मांडीवर घेतलास. दोन दिवस तेच. इंजिनाचे आकडे झाले, मग गिअरबॉक्सचे. आणि मग ती पिवळ्या दिव्याची गोष्ट निघाली. तू म्हणालीस, "तो दिवा बिघाडाचा नाही. गिअरबॉक्सचं ऑइल तापलं की गाडी स्वतःला जपते. ताकद कमी करते."

मी काय बोलले, आठवतं? मी म्हटलं, "गाडीनं स्वतःला जपायचं की आत बसलेल्या माणसांना?"

तू लॅपटॉप अर्धा मिटलास. मग म्हणालीस, "हे मी कोणाच्याच गाडीला करत नाही आत्या." मी म्हटलं, "कोणाच्या गाडीत माझा भाऊ नसतो." तुझ्या बाबानंही मान डोलावली. आणि किती तापल्यावर गाडीनं जपायचं, ती हद्द तू वर नेलीस. मनाविरुद्ध नेलीस, तोंडावर दिसत होतं. पण त्याबरोबर तू एक लहानसा डबा त्या खाचेत बसवलास नि माझ्या फोनवर आकडा आणून दिलास. गिअरबॉक्सच्या ऑइलची उष्णता. "आता गाडी जपणार नाही, तू जपायचंस. एकशे दहाच्या वर गेला की बाबाला सांगायचं. गाडी बाजूला, इंजिन चालू, गिअर काढून दहा मिनिटं. आणि पाचांच्या वर माणसं नाहीत." मी म्हटलं, "नाही नाही, पाचच." पाच म्हणताना माझ्या मनात किती होते ते तुला कळलंच असणार.

मग रविवारी आपण ती तपासायला वेवजीकडे गेलो. माझं बंद घरही बघायचं होतं. त्या सपाट रस्त्यावर तू, बाबा आणि मागे मी. गाडी अशी सुटली की माझं पोट मागे राहिलं. शेजारची पोरं, तिकडे आत्याला फुई म्हणतात, कुंपणावर चढून ओरडत होती, "फुई, फुई, हळू!" तू लॅपटॉपवर बघून म्हणालीस, आकडे छान आहेत. होतेच ग. तीन माणसं, सपाट रस्ता, हिवाळ्याची सकाळ. आपल्या तिघांनाही सुचलं नाही की ही गाडी आयुष्यात पुन्हा कधी अशी रिकामी धावणार नाही. तुला पुण्याची सवय, तिकडे गाडीत एक माणूस असतो. पण मला सुचायला हवं होतं. मागे सरकवायची कोण? मी.

चार महिने चांगले गेले. तुझा बाबा टेम्पोवाल्यासारखा चालवायला लागला, एक कोपर खिडकीत. जीपवाले म्हणायचे, "काका, काय खायला घालता गाडीला?" तो म्हणायचा, "पोरीचा पगार."

आता त्या दिवसाचं.

एप्रिल होता. पाड्यावरची म्हातारी, आपल्या विहिरीपलीकडची, तुला लहानपणी करवंदं द्यायची ती, तिला सकाळपासून दम लागला होता. तिचा मुलगा धावत आला. आम्ही निघालो. म्हातारी, मुलगा, सून, सुनेचा भाऊ, आम्ही दोघं. सहा. वाटेत भाजीवाली हात दाखवून उभी, टोपलीसकट. मग मास्तर. मग एक बाई कडेवर पोर घेऊन. बाबा थांबला प्रत्येकाला, आणि मी म्हटलं, "सरका, सरका, कासापर्यंतच तर जायचंय."

चढ लागला तेव्हा फोन माझ्या मांडीवर होता. एकशे सात. एकशे दहा. मी मागे बघितलं. म्हातारीचं तोंड उघडं होतं, सून पदरानं वारा घालत होती. एकशे तेरा. आता सांगायचं म्हणजे गाडी उन्हात उभी करून दहा मिनिटं थांबायचं. तिला तिथे, त्या रस्त्यावर. आणि कोणाला उतरवायचं? पोरवालीला?

बाबानं विचारलं, "ताई, किती?"

एकशे सोळा होता. मी म्हटलं, "शंभर."

म्हटलं आणि फोन मांडीवर पालथा ठेवला. पुन्हा उलटा करून बघितला तेव्हा एकशे एकवीस होता. मग नाही बघितला.

चढ संपायला थोडंच उरलं होतं. आधी वास आला, तवा जळल्यासारखा. मग इंजिनाचा आवाज चढत गेला, चढत गेला, आणि गाडी मात्र हळू झाली. बाबानं पाय आणखी दाबला. इंजिन ओरडतंय नि गाडी उभी. मग ती मागे सरकायला लागली. बाबानं ब्रेक धरला, मास्तरांनी उतरून चाकाला दगड लावला. सगळे उतरले. तुझा बाबा उतरू शकत नव्हता, त्यानं पाय ब्रेकवरून काढलाच नाही. स्टेअरिंग धरून बसला होता. त्याचं तोंड मी त्या दिवशी बघितलं ते कोणाला बघायला लागू नये.

पाठून आलेल्या भरलेल्या जीपमधून चार माणसं उतरली नि म्हातारीला आत घातलं. पण त्यात वेळ गेला. म्हातारी दुसऱ्या दिवशी गेली. तिच्या मुलानं डॉक्टरला विचारलं, लवकर आणली असती तर? डॉक्टर म्हणाला, मला सांगता येणार नाही. तो मुलगा आपल्याला एक शब्द वाईट बोलला नाही. गावातले बोलले. "पोरीनं चांगली गाडी बिघडवली. शिकलेल्यांचे धंदे."

तू आलीस, ओढून घरी आणलेल्या गाडीला वायर लावलीस, तिच्याखाली आडवी झालीस. ऑइल काढलंस ते काळं, जळकं. मला विचारलंस, "आत्या, आकडा किती होता?" आणि मी म्हटलं, "गडबडीत बघायचं राहिलं ग." दुसऱ्यांदा खोटं. तू उठलीस, हात पुसलेस, बाबाला म्हणालीस, "माझी चूक आहे. मी रिकाम्या गाडीवर सगळं बसवलं. आणि ती हद्द मी हलवायला नको होती." आणि मी तिथे उभी होते, चहाची कपबशी घेऊन. बोलले नाही. तू गेलीस ती गेलीस.

तर तो आकडा एकशे एकवीस होता. मी बघितला होता.

हे मी गेल्या सोमवारी तुझ्या बाबाला सांगितलं. आधी त्याला सांगायचं, मग तुला, असं ठरवलं होतं. तो गाडीतच बसला होता. रोज सकाळी बसतो, तुला ठाऊक नसेल. कुबडी बाहेर टेकवतो, चावी फिरवतो. इंजिन एका झटक्यात सुरू होतं, अजून तसंच, गोड. तो पाय थोडा दाबतो, ऐकतो, आणि बंद करतो. गिअरबॉक्स जळलेला, गाडी चिकूच्या झाडाखालून बोटभर हलत नाही. टपावर कोंबड्या बसतात.

मी सांगितलं. खिडकीला धरून उभी होते. वाटलं, आता हा माझ्याशी बोलणार नाही कधी. त्यानं समोरची काच हातानं पुसली. मग म्हणाला, "ताई, मला वास तू सांगायच्या आधी आला होता. चाळीस वर्षं चालवली मी. मला कळत नव्हतं काय?"

"मग विचारलंस कशाला?"

"तू शंभर म्हणावंस म्हणून."

मी तिथेच चाकापाशी बसले. मग तो म्हणाला, "पोरीला कोण सांगणार?"

म्हणून हे लिहिलं. तू वाढवलेलं मीठ होतं, पण चमचा आमच्याही हातात होता, दोघांच्याही. म्हातारी परत येणार नाही. तिच्या घरावरून जाताना मी अजून खाली बघते. तुझी चूक काहीच नव्हती असंही म्हणणार नाही, तुला खोटं वाटेल. पण जेवढी होती तेवढीच उचल. आमच्या वाटणीची घेऊन पुण्यात बसू नकोस.

गाडी दुरुस्त होते का, नवीन गिअरबॉक्स मिळतो का, ते मी विचारत नाही. लॅपटॉप आण नाहीतर नको आणूस. तुझा बाबा सकाळी सातला गाडीत बसतो. त्याच्या शेजारची सीट रिकामी असते, मी आता तिथे बसत नाही. तू येऊन बस एकदा. चारोटीला उतरलीस की मास्तरांना फोन कर, ते मोटारसायकल घेऊन येतात. पुढच्या रविवारी ये, पोरी. उशीर करू नकोस.