बंद घरापुढची रांगोळी

“घर जागं हाय का?” गेटच्या कडीला फुलांची पुडी अडकवताना मावशी रोज विचारायच्या. हा प्रश्न माणसांना नसायचा, घराला असायचा. आत भांडं वाजलं किंवा नळाचं पाणी पडल्याचा आवाज आला की त्यांचं समाधान व्हायचं आणि त्या पुढच्या गेटकडे वळायच्या.

तुमच्याकडेही कुणी फुलवाली येत असेल, तर तिच्याकडे कधी नीट बघितलंय का, आठवून पाहा. आम्ही बघितलं नव्हतं. नव्वदीची सुरुवात होती. गंगापूर रोडच्या आतल्या आमच्या गल्लीत दहा-बारा बैठे बंगले होते. मावशी मखमलाबादहून पहिल्या बसने यायच्या. घरची थोडी शेती, त्यात झेंडू, शेवंती आणि बांधावर गुलाब. साडेसहाच्या आत पानात बांधलेली पुडी गेटवर लटकलेली असायची. त्यांचं नाव आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं. त्या सगळ्यांच्या मावशी, आणि मी त्यांच्या मुलीच्या वयाची असूनही त्यांची ताई.

कालची पुडी आज तशीच दिसली की घर बंद आहे, हे त्या ओळखायच्या. ते दुसऱ्या कुणी ओळखू नये म्हणून जुनी पुडी काढून पिशवीत टाकायच्या, पेपर आत सरकवायच्या, शेजारच्या नळावरून तांब्याभर पाणी घेऊन दारात शिंपडायच्या आणि चार रेघांची रांगोळी काढायच्या. रांगोळीची डबी त्यांच्या टोपलीतच असे. हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. रांगोळी मात्र अगदी वाईट. त्यांचं कमळ कोबीच्या गड्ड्यासारखं दिसायचं. माझं माहेर घोटीचं. तिथून परत आल्यावर दारात कोबी दिसला की मला हसू यायचं आणि बरंही वाटायचं.

एकदा मी अशीच चार दिवसांनी परतले, तर मावशींनी मला गेटपाशी थांबवून एक काडी दाखवली. कुणीतरी ती गेटच्या दोन दारांमध्ये खोचून ठेवली होती. गेट उघडलं की काडी पडणार. ती तशीच राहिली म्हणजे घरात कुणी नाही. मावशींनी दोन दिवस ती काढून टाकली, आणि दोन्ही वेळा दुसऱ्या सकाळी नवी काडी होती. तिसऱ्यांदा काढल्यावर मात्र पुन्हा कुणी ठेवली नाही. “त्याला वाटलं असंल, घरात माणसं हायेत,” मावशी म्हणाल्या आणि दुसऱ्या पुड्या वाटायला निघून गेल्या.

त्यांची नजरच तशी होती. पाण्याचा मीटर बघायला आलेल्या एका माणसाला त्यांनी सहज विचारलं, मीटर कुठाय? त्याने विजेच्या मीटरकडे बोट केलं आणि मग तो पुन्हा कधी दिसला नाही. एक भंगारवाला आठवड्यात तीनदा आला, पण त्याच्याकडे तराजूच नव्हता. कोपऱ्यावरच्या घराबाहेरचा बल्ब दोनदा गेला, तेव्हा मावशींनी तो फिरवून बघितला. बल्ब चांगला होता, कुणीतरी सैल करून ठेवला होता.

आता माझा दोष सांगते. मला गोष्टी सांगायची हौस. शाळेच्या स्टाफरूममध्ये, हळदीकुंकवाला, भिशीला, जिथे चार बायका जमतील तिथे मी मावशींच्या गोष्टी सांगायचे. त्यांचा आवाज काढायचे, थोडं तिखटमीठही लावायचे. “आमच्या मावशींना विचारा, गल्लीत कोण घरात आहे आणि कोण गावाला गेलंय, सगळं तोंडपाठ,” हे माझं ठरलेलं वाक्य. बायका पोट धरून हसायच्या.

सात-आठ वर्षं अशी गेली. मग एका दिवाळीत समोरचे वहिनी आणि भाऊ लेकीकडे पुण्याला गेले. सणाचे दिवस, मावशी बाजारात झेंडूच्या ढिगापाशी अडकलेल्या. तो आठवडा त्या आमच्याकडे आल्याच नाहीत. वहिनी परतल्या तेव्हा कुलूप तुटलेलं होतं आणि देवाची चांदीची भांडी, समया, वहिनींच्या आईने दिलेल्या पाटल्या, सगळं गेलेलं होतं.

पोलिसांनी विचारलं, तुम्ही गावाला गेल्याचं कुणाकुणाला ठाऊक होतं? वहिनी रडत होत्या. रडता रडता म्हणाल्या, फुलवालीला सगळ्यांचं तोंडपाठ असतं. मग एकेक गोष्ट बाहेर आली. काडीची, बल्बची, मीटरची. कुणीतरी म्हणालं, काडी तीच ठेवत असेल, नाहीतर तिला कसं कळलं? सगळ्या माझ्याच गोष्टी होत्या, माझ्याच शब्दांत. फक्त आता कुणी हसत नव्हतं.

मी म्हणाले, मावशी तशा नाहीत हो. हवालदार माझ्याकडे वळून शांतपणे म्हणाला, “तसं लिहून देता का, बाई?”

मी यांच्याकडे बघितलं. यांनी मान हलवली, नको. मी लिहून दिलं नाही.

मावशींना दोन दिवस चौकीवर बसवून ठेवलं. मखमलाबादला भावकीच्या देखत त्यांच्या घराची झडती झाली, धान्याच्या कोठ्या रिकाम्या केल्या. काही सापडलं नाही, सोडून दिलं. त्यानंतर आमच्या गेटवर पुडी आली नाही. महिन्याभराने दुसऱ्याच भागात एक टोळी पकडली गेली आणि वहिनींच्या समया त्यांच्याकडे मिळाल्या.

मी फुलबाजारात गेले. मावशी गोणपाटावर बसून हार ओवत होत्या. मला बघून त्यांनी बसायला जागा करून दिली. त्याचीच मला जास्त लाज वाटली. चोर सापडल्याचं मी सांगितलं. त्यांना ते आधीच कळलं होतं. मी माफी मागायला लागले तेव्हा त्यांनी सुई थांबवली.

“ताई, माझ्या इतक्या गोष्टी तुमी घरोघर सांगितल्या,” त्या म्हणाल्या. “आता एवढी एक सांगा.”

त्याच संध्याकाळी मी निघाले. पहिलं घर वहिनींचं. त्या ऐकून म्हणाल्या, मला काय माहीत होतं गं. पुढच्या घरी “हो का? बरं झालं” म्हणून चहा आला आणि विषय बदलला. कुठे टीव्ही चालू होता, तो तसाच चालू राहिला. हसू आणणाऱ्या गोष्टी या लोकांना वर्षानुवर्षं लक्षात होत्या. ही गोष्ट उंबऱ्यातच विरून जायची.

मावशी पुन्हा आल्या नाहीत. पुढे फुलबाजारातही त्यांची जागा दुसऱ्या बाईने घेतली. त्या आता नाहीत, एवढंच तिने मला सांगितलं. मावशींचं नाव मला तिच्याकडून कळलं. ते इथे लिहिण्याचा हक्क मला आहे असं वाटत नाही.

चोर सापडायच्या आधीच्या त्या महिन्यात आमच्या गल्लीतली दोन कुटुंबं घरं विकून गेली होती, एक सिडकोत आणि एक ठाण्याला. त्यांच्यापर्यंत मी पोचले नाही. त्यांच्या घरात ती बाई अजून चोर आहे. तुमच्यापैकी कुणी त्यांना ओळखत असेल, तर तेवढं सांगा.