शाळेच्या लाकडांखालचे दोन ओंडके

मंडळी, वाचनालयाच्या या फळ्यावर आज बातम्या नाहीत. तासाभरापूर्वी ट्रकमधून उतरलोय आणि अजून शिसारी जात नाहीये.

आपल्या नव्या शाळेच्या तुळयांसाठी सागाचे ओंडके आणायला शिरपूरचा एक ट्रकवाला ठरवला होता. बोलायला गोड. मी डेपोत पावती करत होतो, तोवर त्याने माल भरूनही टाकला.

नाक्यावर शिपाई ओंडक्यांच्या तोंडांवरचा जंगलखात्याच्या हातोड्याचा शिक्का बघू लागला. तळाच्या दोन ओंडक्यांची तोंडं शेणाने लिंपलेली. उन्हाने लाकूड तडकू नये म्हणून लिंपतात, तशी. ट्रकवाल्याने चटकन हात जोडले, "साहेब, शाळानं काम शे. पोरे आशीर्वाद देतीन!" शिपायाने मलाच नमस्कार केला आणि फाटक उघडलं.

पुढे मी गाडी थांबवून शेण खरवडलं. खाली शिक्काच नाही. चोरीचं लाकूड, आपल्या शाळेच्या नावावर! मी ओरडलो, तर हा हसतो. "गुरुजी, रागावू नका. एक ओंडका मना, एक शाळाले देणगी."

गावात आल्यावर वाटलं, शाळा समितीचे नाना तरी त्याला झापतील. नानांनी ओंडक्यावरून हात फिरवला. म्हणाले, "राहू द्या. चांगला जाड शे."

तो ओंडका आता शाळेच्या अंगणात पडलाय. त्याची तुळई होणार, आणि तिच्याखाली उभं राहून मी पोरांकडून 'चोरी करू नये' गिरवून घ्यायचं.

खडू इथेच ठेवून जातोय. ज्यांना ती तुळई चालते, त्यांनी खाली नाव लिहावं. नानांनी पहिलं.