देव गावात नसताना उचललेला भंडारा

माझ्या बायकोला माझ्याबद्दल सगळं माहीत आहे. मी किती घोरतो, डॉक्टरनं बंद केलेली साखर कधी चोरून खातो, भावकीत कुणाशी बोलतो आणि कुणाशी नुसताच हसतो — सगळं. हे एकच माहीत नाही. तिलाच काय, कुणालाच नाही. पहिले तुम्ही. तुम्हालाच का, म्हणाल तर — तुमचा चेहरा मला दिसत नाही, म्हणून. माझं धाडस एवढंच आहे.

अणदूरच्या जवळ, हायवेला लागून आमची दगडाची खाण. शेजारी खडी फोडायचं क्रशर. मी गाड्यांचं माप घ्यायचो. अक्षर चांगलं होतं, तेवढ्या भांडवलावर कामगार संघटनेचा चिटणीसही झालो. आमचा एक करार होता. जितके ब्रास खडी निघेल — ब्रास हे खडीचं माप — त्या हिशोबानं मालकानं संघटनेच्या कल्याण निधीत पैसे भरायचे. कुणाचं बोट चेमटलं, कुणाच्या घरी बाळंतपण निघालं, की त्यातून मदत. चष्मे तर सारखे लागत. दगडाची कपची डोळ्यात जायला मुहूर्त थोडाच बघते?

या करारासाठी आम्ही वर्षभर मालकाच्या दारात चपला झिजवल्या होत्या. शेवटी स्टॅम्पपेपरवर सह्या झाल्या. मालकाची, आमचे अध्यक्ष सोपानतात्या यांची, आणि सगळ्यांत खाली माझी. खाली असली तरी सगळ्यांत सुबक. हे मुद्दाम सांगतोय, कारण पुढचं सगळं त्या सुबकपणामुळंच झालं.

सोपानतात्यांबद्दल सांगायलाच हवं. खाणीत सुरुंगाचं काम त्यांच्याकडं. सकाळी किती भोकं भरली हे तात्या डोक्यात ठेवायचे, कागदावर कधीच नाही. बार उडायला लागले की डोळे मिटून मोजत बसायचे. अकरा भरले असतील तर अकरा आवाज झाल्याशिवाय खाणीत पाखरूसुद्धा उतरू द्यायचे नाहीत. एकदा दहाच आवाज झाले. इंजिनिअर म्हणाला, दोन एकदम उडाले असतील. तात्या म्हणाले, असतील, पण माणसं उद्या उतरतील. दुसऱ्या दिवशी एक भोक जिवंत सापडलं. तेव्हापासून इंजिनिअरसुद्धा त्यांना तात्या म्हणायला लागला. आम्ही साठ माणसं त्या एका माणसाच्या आठवणीवर बिनघोर जेवत होतो.

आता माझ्याकडं येतो — यायलाच पाहिजे ना?

संघटनेला पत्र्याची एक खोली मिळाली. भिंत मोकळी. मला वाटलं, करार भिंतीवर लावावा. येणाऱ्या-जाणाऱ्याला माझी सही दिसावी. करार माझ्याच ताब्यात होता, कुणाला विचारायचं काय? नळदुर्गला झेरॉक्सच्या दुकानात गेलो आणि लॅमिनेशन करायला सांगितलं. दुकानातली बाई म्हणाली, मशीन जरा कुरकुर करतंय, उद्या या. मी म्हणालो, आत्ताच करा. एसटीला वेळ होता आणि मला हौस होती.

मशीननं कागद ओढून घेतला, अर्ध्यात थांबलं, आणि मग जळकट वास आला. बाईनं ओढून काढेपर्यंत कागदाची पार चकली झाली होती. सह्यांवर प्लॅस्टिक वितळून बसलं होतं. मालकाची सही पोळली, तात्यांचं नाव करपलं. बाई बिचारी पैसे नको म्हणाली. मी ती चकली समोरच्या भजीवाल्याच्या भट्टीत टाकली, एक प्लेट भजी खाल्ली आणि घरी आलो. भजी चांगली होती, हेही कबूल करतो.

तेव्हा कसलाच वाद नव्हता. झेरॉक्स होतीच. कशाला कुणाला सांगायचं?

पण दोन महिन्यांनी मालकानं दुसऱ्या खाणींतला दगड विकत आणून आमच्या क्रशरवर फोडायला सुरुवात केली. म्हणाला, हा दगड माझ्या खाणीतला नाही, याचे पैसे निधीत भरणार नाही. मग म्हणाला, कशाचेच भरणार नाही. प्रकरण कामगार न्यायालयात गेलं. तिथं त्याच्या वकिलानं हात वर केले — करार? कुठला करार? झेरॉक्स काय कुणीही काढतं, मूळ कागद दाखवा.

आमच्या वकीलबाईंनी पत्र्याच्या खोलीत सगळ्यांना बसवलं आणि विचारलं, मूळ कागद कुणाकडं आहे? साठ माना माझ्याकडं वळल्या. माझी पाचावर धारण बसली. आणि तोंडातून निघून गेलं की तो मी तात्यांकडं दिला, पोळ्याच्या आसपास.

तात्यांकडंच का? ते शेजारी बसले होते, म्हणून. याहून मोठं कारण नाही. मी पुष्कळ शोधलं.

तात्या माझ्याकडं बघत राहिले. रागानं नाही हो — रागानं बघितलं असतं तर बरं झालं असतं. पोळ्याच्या आसपास काय काय झालं ते डोक्यात चाळत होते. चाळून झालं आणि म्हणाले, दिला असंल.

माणसांत दोन तट पडले. कुणी म्हणे तात्यांनी हरवला, कुणी म्हणे चिटणीस मालकाला फितूर झाला. शेवटी ठरलं की दोघांनी खंडोबापुढं बेलभंडार उचलायचा आणि शपथेवर सांगायचं. आमच्याकडं त्यापुढं अपील नाही. आता आमचा खंडोबा तुम्हाला माहीत नसेल तर सांगतो. तो वर्षातले काही आठवडे अणदूर सोडून नळदुर्गला मुक्कामाला असतो. नेताना-आणताना दोन्ही गावचे मानकरी लेखी करार करतात. देवाला करार पाळावा लागतो, आमच्या मालकाला तेवढं जमत नव्हतं.

तर त्या दिवसांत देव नळदुर्गला होता. काहीजण म्हणाले, तो आल्यावर उचलू. मीच घाई केली. म्हणालो, जागा तर देवाचीच आहे, कोर्टाची तारीख जवळ आलीय. माझ्या डोक्यात काय होतं ते ओळखलंत ना? देव घरी नाही, तोवर उरकून घ्यावं. वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, बी.कॉम. झालेला माणूस, मी असा हिशोब केला. ज्या नळदुर्गला कागद जाळला तिथंच देव बसलाय, हे काही डोक्यात आलं नाही.

मी पायरीवरचा भंडारा उचलला. कागद तात्यांना दिला, म्हणालो.

मग तात्या पुढं झाले. वाकले, हात भंडाऱ्यापर्यंत नेला आणि तसाच मागं घेतला. वळून आम्हाला म्हणाले, "कागद घेतल्याचं मला याद न्हाय. पण घेतलाच न्हाय असं शपथेवर कसं सांगू? म्हातारपण हाय. म्या न्हाय उचलत."

खोट्या माणसानं भंडारा उचलला आणि खऱ्या माणसाला तो उचलवेना. निकाल तिथंच लागला. कुणी त्यांना वेडंवाकडं बोललं नाही, तात्याच ते. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी सुरुंगाचं काम सोडलं. इंजिनिअर मागं लागला, तर म्हणाले, "ज्यानं एवढा कागद इसरला, त्यो एखादं भोकबी इसरंल. माणसं खाली असत्यात, साहेब." आणि जाऊन पाण्याच्या टाकीवर बसले. टँकर आला की वॉल्व उघडायचा, गेला की बंद करायचा.

खटला आम्ही जिंकलो. त्याला चार वर्षं लागली, पण जिंकलो. मालकानं खाणीची परवानगी वाढवून घेताना, मी कामगारांना कसा सांभाळतो हे दाखवायला, त्याच कराराची स्वतःच्या सहीशिक्क्यानं खरी केलेली नक्कल सरकारी कचेरीत दिली होती. वकीलबाईंनी माहितीच्या अधिकारात ती बाहेर काढली. पाठ थोपटून घ्यायला दिलेला कागद गळ्याशी आला. न्यायाधीश म्हणाले, दगड कुठलाही असो, फोडला इथं, तर पैसे निधीत भरा. आम्ही हलगी लावून नाचलो. जिलबी इतकी झाली की शेवटी ट्रक ड्रायव्हरांना वाटली. चारच महिन्यांत निधीतून तात्यांच्याच डोळ्याचं ऑपरेशन झालं.

एकदा तात्यांच्या घरी खरं सांगायला गेलो होतो, नाही असं नाही. दारातून आत गेलो तर त्यांच्या बायकोनं, आमच्या काकूंनी, ज्वारीची भाकरी आणि लसणाची चटणी पुढं केली. मी तीन भाकरी खाऊन परत आलो. काकू तात्यांकडं घराची किल्ली देत नाहीत. ते बाजाराला निघाले की सामानाची चिठ्ठी खिशात नाही, हातात देतात. तात्या स्वतःच हसतात, म्हणतात, आपलं डोकं म्हणजे गळकी बादली. सगळे हसतात. मीही हसतो, जरा जास्तच जोरात.

गेल्या महिन्यात संघटनेनं तात्यांचा सत्कार केला. फेटा त्यांना इतका शोभत होता की काकूंनी फोटो काढायला लावले. तात्यांना बोलायला सांगितलं, तर त्यांनी माझा हात धरून मला उभं केलं. म्हणाले, "माझ्या हातनं कागद हरवला. पर ह्या मान्सानं एक डाव तरी बोलून दावलं का? न्हाय. असा मानूस मिळत न्हाय."

टाळ्या पडल्या. मी त्या घेतल्या. पेढाही घेतला.

हे छापून आलं की तात्यांची नात त्यांना वाचून दाखवेल. ती रोज त्यांना काहीबाही वाचून दाखवते. तेव्हा इथून पुढचं तुमच्यासाठी नाही, त्यांच्यासाठी.

तात्या, कागद मी तुमच्याकडं दिलाच नव्हता. तुम्ही काही विसरला नव्हतात.