पहिला दोडका तोडायचा नाही

नसीमचा फोन आला तेव्हा मी शिरूरच्या बाजारात भाजीच घेत होतो. "गुरुजी, आई गेली," एवढंच ती म्हणाली... जैतुनभाभी गेल्या, आणि दुःखाच्याही आधी मला भीती वाटली, हे आज कबूल करतो.

भांडगावच्या शाळेत मी मास्तर असताना नसीम माझ्या वर्गात होती. भाभींचं रान वीस गुंठ्यांचं. शेणखत आणि राख यांखेरीज त्यांनी त्यात कधी काही घातलं नाही, दुकानातलं बी कुंपणाच्या आत येऊ दिलं नाही. सासूकडून आलेला आखूड, जाड शिरांचा दोडका त्या जिवापाड जपत. "भाभी, नसीमपेक्षा त्या दोडक्यावर तुमचा जास्त जीव," मी चेष्टा करायचो. त्या म्हणत, "नसीम मागून घेतीया गुरुजी. ह्यो मागत न्हाई."

बदली होऊन शिरूरला निघालो तेव्हा त्यांनी वाळलेला एक दोडका माझ्या हातात ठेवला. हलवला की आत बिया वाजायच्या. "परसात लावा. पयला दोडका तोडायचा न्हाई, बियाला ठेवायचा, येलावरच वाळू द्यायचा. बी एकाच घरात असू नये. माझं गेलं तर तुमच्याकडनं नेईन."

होतं ते सगळं बी लावून टाकलं, वेल झकास आला. पाहुणे आले होते, दोडका कोवळा लुसलुशीत होता, मीच तोडला. पुढचा ठेवू म्हटलं, तोही खाल्ला... बघता बघता वेल वाळला आणि बी राहिलं नाही. भाभी भेटल्या की विचारायच्या, "दोडका हाय न्हवं?" मी म्हणायचो, "आहे की." पहिल्यांदा लाजेपोटी खोटं बोललो, पुढे सवयीने. पोरांना खोटं बोलण्यावरून छड्या मारलेला माणूस मी.

गेल्या वर्षी शेजारच्या उसावर मारलेलं तणनाशक वाऱ्याने त्यांच्या मांडवावर आलं आणि सगळे वेल करपले. घरातलं होतं नव्हतं तेवढं बी त्यांनी त्या खेपेला पेरलं होतं, माझ्याकडे आहेच या भरवशावर. नंतर त्या आजारी पडल्या. मी भेटायला गेलो तर म्हणाल्या, "येत्या मोसमाला नसीमला धाडते." मी नुसती मान हलवली.

भाभींच्या चाळिसाव्या दिवसाचा विधी झाल्यावर नसीम कापडी पिशवी घेऊन आली. "आई शेवटाला म्हणाली, बियाची काळजी करू नगं, गुरुजींकडं हाय." मी सगळं सांगितलं. ती बराच वेळ पिशवीची घडी घालत बसली. मग हळूच म्हणाली, "बरं झालं, तवा सांगितलं न्हाई तुम्ही. ती निवांत गेली."

ती रागावली असती तर मी सोसलं असतं.

नसीमने तो मांडव अजून मोडलेला नाही. कुणाच्या परसात तसा दोडका मिळेल म्हणून मी शिरूर-दौंडकडची गावं पालथी घालतोय. म्हातारीकोतारी विचारतात, बी कसं होतं त्याचं, काळं का करडं? मला आठवत नाही. मी सांगतो, फार गोड होता. तेवढंच मला ठाऊक आहे.