रांजणाचा घाम

माझा रांजण चोरीला गेला, अन् चोर घरातलाच निघाला. तिथूनच सांगते.

ब्याऐंशीच्या ऑगस्टात लातूर जिल्हा झाला. फटाके उडले, पेढे वाटले, जीपगाड्या आल्या, साहेब आले. पाऊस तेवढा आला न्हाई. जिल्हा नवा, पाणी जुनंच, अन् तेबी आटलेलं. त्र्याऐंशीचा फेब्रुवारी सरेस्तोवर आमच्या गल्लीचा नळ नुसता फुसफुसायला लागला. टँकर दिवसातून एकदाच. घरटी आठ घागरी, अन् त्या आठ घागरींपायी अकरा भांडणं. अशा वक्ताला सिद्धेश्वराच्या यात्रेतून मी नवाकोरा रांजण आणला. पाणी असं गार व्हायचं की दातात कळ यावी. एका सकाळी उठून बघते तर कोपऱ्यात नुसता ओला गोल डाग. रांजण गायब! पाणी मात्र हंड्यात, घागरीत नीट काढून ठेवलेलं. असला सभ्य चोर दुनियेत एकच, आमचे हे.

ह्यांचं नाव व्यंकटी. आता नाव घ्यायला काय हरकत, जाऊन चार वर्षं झाली. कॉलेजात पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत शिपाई होते. कागदावर ‘प्रयोगशाळा परिचर’ लिहिलेलं, म्हणून मी चिडले की ‘परिचर’ म्हणायची अन् त्यांना ते खरंच आवडायचं. गाव शिरूर अनंतपाळकडलं, शिक्षण सातवी. बोलणं कमी, बघणं फार. घागर भरायला बसवावं तर घागर वाहून चालली तरी ह्यांचं ध्यान पाण्यावरल्या वर्तुळांत. मी बिलोलीची, तोंडानं जरा फटकळ. आई म्हणायची, ‘पोरी, तुला नवरा मुकाच बघावा लागंल.’ तसाच बघितला तिनं.

एकदा मी वैतागून विचारलं, ‘अवो, त्या पाण्यात काय मेलं दिसतं तुमाला?’

म्हणाले, ‘ल्हानपणी गावच्या आडावर आमाला जाऊ देत नव्हते. मडकं घेऊन लांब उभं राहायचं, कुणाला दया आली की ते वरून ओतणार. तहान लागली तर ओंजळ पुढं करायची. तास तास जायचा. नजर कुठं ठेवायची? शेजारी जनावरांना पाणी पाजायची दगडी डोण होती, तिच्यातल्या पाण्यावर. लाट उठायची, पसरायची, मरायची. माझं मडकं भरेस्तोवर किती मेल्या ते मोजायचो.’ मग म्हणाले, ‘छप्पनला आपण बौद्ध झालो. आड तोच राहिला.’

त्या दिवसापासून पाण्याकडं बघत बसले तरी मी हाक मारायची न्हाई. पण रांजण पळवला म्हणल्यावर कोण गप बसंल? पदर खोचला अन् तरातरा कॉलेजात गेले.

प्रयोगशाळेच्या आतल्या खोलीत खिडक्यांना घोंगड्या टांगलेल्या. बाहेर ऊन भाजून काढतंय अन् आत जांभळा अंधार. डोळे ठरायला वेळ लागला. मधोमध लोखंडाचं आडवं पिंप, त्याला काचेची खिडकी, अन् आत जांभळा उजेड असा भरलेला की जणू संध्याकाळ कुणी कोंडून ठेवली. भिंतीशी माझा रांजण! अंगाला ओली पोती गुंडाळलेली, तोंडात रबरी नळी, शेजारी दुसरा जुना रांजण, अन् कूलरची बारकी मोटार पाणी फिरवून राहिली.

शिवकन्या मॅडम पुढं आल्या. तिथंच शिकवायच्या, अन् मोठ्या पदवीसाठी चार वर्षांपासून हे यंत्र जुळवत होत्या. ‘चांगुणाबाई, रागावू नका. पिंपातली हवा काढणारा पंप तापतो, त्याला सारखं गार पाणी लागतं. नळ बंद पडला, मी तर आशाच सोडली होती. व्यंकटीमामा म्हणाले, तेच पाणी फिरवू, रांजण त्याला गार करील.’

‘जुना न्हेला असता की!’ मी म्हणाले.

‘जुन्याची भोकं बुजलेली असतात,’ हे हळूच म्हणाले. ‘तो गार करत न्हाई. नवाच लागतो.’

पण नवा रांजण झिरपतो. रोज एक घागर पाणी त्याच्या अंगावरून उडून जायचं. तेवढं रोज वरून घालावं लागणार, अन् कॉलेजचे हेडक्लार्क हणमंतराव यांनी तर लेखी हुकूम काढलेला: यंत्रासाठी टाकीतला थेंब घ्यायचा न्हाई, घेतला तर पाणीचोरी धरू. म्हणजे ती घागर आमच्या आठांतली!

‘जळ्ळं तुमचं यंत्र,’ असं मी म्हणणारच होते. तेवढ्यात मॅडमनी मला एका डबड्यासमोर बसवलं. पडद्यावर हिरवी रेघ. रेघेवर एकच उंचवटा, गुळगुळीत, शांत.

‘ही लाट आहे. पिंपात जो जांभळा वायू पेटलाय त्याला प्लाझ्मा म्हणतात, त्यातून ही धावते. डोळ्यांना दिसत नाही, आत एक सळई आहे, ती हिची चाहूल घेते.’

ह्यांनी सळई बोटभर मागं ओढली. उंचवटा सरकला, पण होता तसाच. आणखी बोटभर. तसाच. ना बसला, ना पसरला.

‘ही मरत का न्हाई?’ मी विचारलं.

मॅडम हसल्या. ‘लाटेला पसरून विस्कटायची खोड असते. पण हिची उंचीच हिला दाटून पुढं ढकलते. दोन्ही ओढी सारख्या झाल्या की ती ना दाटते ना विस्कटते. सॉलिटॉन म्हणतात. मी एकांडी लाट म्हणते.’

‘अन् उंच असंल ती जास्त पळती,’ हे म्हणाले. जांभळ्या उजेडात त्यांचं तोंड मी पहिल्यांदाच बघत हाय असं वाटलं मला. ‘मागून मोठी सोडायची, पुढं ल्हान. मोठी गाठणार. चांगुणे, मला एकदा बघायचंय गं, एकमेकींतून गेल्यावर कोण उरतं.’

ते डबडं, ऑसिलोस्कोप, विद्यापीठातून उसनं आणलेलं. वीस एप्रिलला परत द्यायचं होतं. तोवर दोन लाटांचे फोटो निघाले न्हाईत तर मॅडमची चार वर्षं पाण्यात, अन् ह्यांचं बघणं राहून जाणार.

मी घरी आले. दुसऱ्या दिवशी एक घागर उंबऱ्याशी काढून ठेवली. ती हे रोज कॉलेजात न्यायला लागले. सात घागरींत घर चालवलं बघा. भांडी राखेनं घासायची अन् चिंधीनं पुसायची. दुपारी कधी मी त्या खोलीत जाऊन बसायची. बाहेर धुरळा उडायचा, आत तो उजेड अन् मोटारीची गुरगुर. कितीदा तर बसल्या बसल्या डोळा लागायचा, अन् मिटल्या डोळ्यांतबी तो उंचवटा चालतच असायचा.

पण माझं डोकं! पाणी उडून जातं हे काही मला बघवेना. जीव तुटायचा. चौदा एप्रिलला जयंती, कॉलेजला सुट्टी, हे मिरवणुकीच्या तयारीत. गल्लीत मंचाच्या पायाला आणलेलं सिमेंट थोडं उरलं होतं. मी खुंटीवरल्या सदऱ्यातनं किल्ली काढली, खोलीत गेले, पोती सोडली अन् रांजणाला बाहेरून बुडापासून गळ्यापर्यंत सिमेंट लिंपून टाकलं. वर पुन्हा पोती. म्हणलं, आता झिरप बघू मेल्या! लई हुशारी वाटली मला माझी.

दुसऱ्या दिवशी हे घरी येऊन म्हणाले, ‘आज रांजणानं पाणी मागितलंच न्हाई. नवल हाय.’ मी भाकरी थापत गालात हसले.

सोळाला दुपारी पंप तापला. आतलं तेल जळालं, धूर झाला, जांभळा उजेड भप्पकन गेला. मॅडमनी रांजणात हात घातला तर पाणी कोमट. ह्यांनी पोती सोडली, अन् खाली राखाडी सिमेंट.

मी तिथंच दारात उभी होते. ‘मीच केलं,’ म्हणाले. ‘पाणी वाचावं म्हणून केलं.’

शिव्या दिल्या असत्या तरी बरं झालं असतं. हे सिमेंटवरनं हात फिरवत म्हणाले, ‘चांगुणे, त्याला घाम येत होता म्हणून तर तो गार होता. तू घामच बंद केलास.’ करायला गेले मारुती अन् झालं माकड. मी तोंडात पदर कोंबून रडले. मला माझ्या हुशारीची इतकी लाज कधी वाटली न्हाई.

पंप उघडून पुसून नवं तेल घालण्यात दोन दिवस गेले. नव्या रांजणासाठी मी कुंभारवाड्यात गेले तर चाकं बंद; माती भिजवायला पाणी कुठलं? राहिला एक दिवस, एकोणीस.

अठराच्या संध्याकाळी तिघं खोलीत बसलो होतो. मी विचारलं, ‘मॅडम, पंपातनं गेलं की पाणी नुसतं गरमच होतं न्हवं? कमी तर होत न्हाई?’

‘नाही.’

‘मग रांजण गार करत नसला तर नसू द्या. गार पाणी घराघरांतल्या माठांत हाय. एका रांजणातनं गार सोडायचं, दुसऱ्यात गरम झेलायचं, अन् ज्याचं त्याला घागर भरून परत. थेंब जायचा न्हाई.’

मॅडमनी कागदावर आकडेमोड केली. वीस घागरी. दीड तास. हे माझ्याकडं बघतच राहिले. ‘परिचर मीच व्हायला पायजे होते,’ मी म्हणाले.

सकाळी आमच्या गल्लीतनं अकरा घागरी निघाल्या. शेजारच्या नागुबाईनं तर लेकीच्या बाळंतपणाला राखलेली दिली. पण नऊ कमी. वरच्या गल्लीत जायचं म्हणजे हणमंतरावांची गल्ली. पाय उचलेना. तरी गेले, अन् गेले ती थेट त्यांच्याच दारात. म्हणलं, नकार ऐकायचाच तर मोठ्या घराचा ऐकावा.

त्यांच्या बायकोनं, गुणाबाईनं, सगळं ऐकून घेतलं. ‘परत देशील?’

‘काठोकाठ, अक्का.’

‘माझंच परत देशील?’

मला खोटं बोलता आलं असतं. पाण्यावर काय नाव लिहिलेलं असतं? पण न्हाई बोलले. ‘न्हाई अक्का. रांजणात सगळ्यांचं एक होईल. आमच्या गल्लीचं, तुमच्या गल्लीचं. कुणाचं कोणतं ते मला सांगता यायचं न्हाई.’

ती आत निघून गेली. मी समजले, झालं. वळून फाटकापर्यंत आले तर मागनं आवाज, ‘थांब की, पळती कुठं?’ बघते तर बाई कमरेवर घागर घेऊन. ‘मीच येती. तू आदळशील अन् पोचा पाडशील माझ्या घागरीला.’ गुणाबाई निघाली म्हणल्यावर त्या गल्लीतल्या आणखी आठ निघाल्या. हणमंतराव ओट्यावर पेपर धरून बसले होते, त्यांनी पेपर खाली केलाच न्हाई.

दुपारी बाराला यंत्र चालू झालं. व्हरांड्यात बायका घागरींपाशी बसल्या. आत मी तांब्यानं गार पाणी रांजणात ओतत होते, मॅडम कॅमेऱ्याला डोळा लावून, अन् हे सळई धरून. बोटभर मागं, फोटो. बोटभर मागं, फोटो. पुढं ल्हान लाट रमतगमत, मागनं मोठी. सहाव्या फोटोला मोठी तिच्या पाठीला लागली. आठव्याला दोघी एक झाल्या. मला वाटलं आता केवढा डोंगर उठतोय. तर उलटंच! एक झालेली लाट मोठीपेक्षा बुटकीच. ह्यांचा हात सळईवर थबकला.

‘मेली काय हो?’ मी कुजबुजले.

‘ओढा मामा,’ मॅडम म्हणाल्या.

नववा. दहावा. अन् बाराव्याला हळूच दोन उंचवटे सुटे झाले. मोठी पुढं, ल्हान मागं. मोठी तेवढीच मोठी, ल्हान तेवढीच ल्हान. नुसत्या जागेवरनं जराशा सरकलेल्या. पंधरावा फोटो झाला अन् मॅडम खाली बसून ओक्साबोक्शी रडायला लागल्या. हे मात्र रेघेकडंच बघत होते. ‘दोघीबी उरल्या,’ म्हणाले. ‘चांगुणे, दोघीबी उरल्या.’

मग पाणी परत द्यायचं. ह्यांनी दुसरा रांजण व्हरांड्यात ओढून घेतला अन् स्वतः तांब्या घेऊन एकेकीची घागर भरायला लागले. आमच्या गल्लीच्या झाल्या. मग वरच्या गल्लीच्या पुढं आल्या. कुणी ‘वापरायला होईल’ म्हणत होती, कुणी घागर उचलून चालायला लागत होती. गुणाबाई शेवटची. ऊन डोक्यावर, बाई सकाळपासून बसलेली, ओठ सुकलेले. ह्यांनी घागरीवर तांब्या धरला तशी ती खाली वाकली अन् मधेच ओंजळ पुढं केली.

ह्यांचा तांब्या असा कलंडला की अर्धं पाणी तिच्या लुगड्यावर. मग त्यांनी दोन्ही हातांनी तांब्या धरला अन् बारीक धार सोडली. गुणाबाई घटाघटा प्याली.

तिनं तोंड पुसलं अन् नाक मुरडलं. ‘शी! लई वास येतोय गं पाण्याला.’

मी पुढं झाले. ‘कशाचा, अक्का?’

‘रबराचा. दुसरा कशाचा येणार?’ ती म्हणाली, अन् भरलेली घागर कमरेवर घेऊन चालायला लागली.